संडे स्कूलच्या तरुण शिक्षकांना आधी काय शिकवावं?

वाचकाचं पत्र

आदरणीय बाई,

आमच्या ल्यूथरन मंडळीत कॉलेजात शिकणारी आठ-नऊ मुलं-मुली धर्मशिक्षणाच्या सेवेसाठी पुढे आली आहेत. कुणाला संडे स्कूल घ्यायचं आहे, कुणाला दृढीकरणाच्या (बाप्तिस्मा झालेल्या मुलांनी आपला विश्वास मंडळीसमोर कबूल करण्याच्या विधीच्या) वर्गाला मदत करायची आहे, कुणाला तरुणसंघ सांभाळायचा आहे. त्यांना तयार करण्याचं काम पाळकांनी माझ्यावर सोपवलं. मी पेशानं शिक्षिका आहे, पण धर्मशास्त्र शिकलेली नाही.

मुलांचा उत्साह दांडगा आहे. गाणी, खेळ, चित्रं, सगळं छान जमतं. पण परवा तिसरीतल्या एका मुलानं वर्गात विचारलं, “मी नीट प्रार्थना केली नाही म्हणून देवानं माझ्या आजीला नेलं का?” वर्ग घेणारी आमची विद्यार्थिनी गडबडली आणि म्हणाली, “यापुढे अगदी मनापासून प्रार्थना करत जा हं.” मुलगा गप्प झाला. मलाही त्या क्षणी काही सुचलं नाही.

मंडळीचे वडील, म्हणजे कारभार पाहणारे ज्येष्ठ, म्हणतात, सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखा, परीक्षा घ्या, प्रमाणपत्रं द्या. त्यातच गटातली एक हुशार मुलगी मला एकटीला गाठून म्हणाली, “माझा स्वतःचाच किती गोष्टींवर विश्वास आहे, मला कळत नाही.” तिला ठेवू की थांबवू? आणि मुळात सुरुवात कुठून करू?

— एक शिक्षिका

प्रिय भगिनी,

सगळ्यात आधी त्या मुलाचं बघू या, कारण अभ्यासक्रम महिनाभर थांबला तरी चालेल, तो मुलगा थांबू शकत नाही.

तुमच्या विद्यार्थिनीचा हेतू चांगलाच होता. तिला प्रार्थनेचं महत्त्व सांगायचं होतं. पण मुलानं काय ऐकलं? की त्याची भीती खरी आहे, प्रार्थना त्याचीच कमी पडली. आजीच्या मरणाचा दोष आठ वर्षांच्या लेकराच्या माथी बसला, आणि तो बसवला चर्चमधल्या एका प्रेमळ ताईनं. हे तसंच राहू देऊ नका. मुलाच्या आईवडिलांशी आधी बोला, त्यांची परवानगी घ्या आणि त्या विद्यार्थिनीला बरोबर घेऊन त्याला भेटा. बोलणं तिलाच करू द्या. तिनं सांगावं की त्या दिवशी मी तुला चुकीचं उत्तर दिलं. आजी तुझ्या प्रार्थनेमुळे गेली नाही. येशूनंही मरणाआधी गेथशेमाने बागेत हा दुःखाचा प्याला माझ्यापासून दूर कर अशी प्रार्थना केली होती, आणि तो प्याला दूर झाला नाही. म्हणून काय त्याची प्रार्थना कच्ची होती? पित्यानं ती ऐकली होती, आणि तुझीही ऐकली आहे. मग मुलाला आजीबद्दल बोलू द्यावं, तो बोलेल तितकं ऐकावं. त्याच्या वयाच्या मुलांना मरणाचे प्रश्न एकदाच पडत नाहीत. तो पुन्हा विचारेल, आणि त्यानं पुन्हा विचारावं असं वाटत असेल तर आज त्याचं नीट ऐकून घेतलेलं असलं पाहिजे.

आता तुमचा मूळ प्रश्न. ही तरुण मंडळी उत्साहात कमी नाहीत, शिकवण्याच्या तंत्रातही फार कमी नसावीत. त्यांच्याकडे एक गोष्ट नाही, आणि ती कुणी त्यांना दिलेली नाही. नियमशास्त्र आणि सुवार्ता यांतला फरक ओळखणं ती गोष्ट. ल्यूथरन धर्मशिक्षणाचा सगळा भार यावरच आहे. देव माझ्याकडून काय मागतो हे नियमशास्त्र सांगतं. त्यानं ख्रिस्तामध्ये माझ्यासाठी काय केलं हे सुवार्ता सांगते. दोन्ही देवाचीच वचनं आहेत आणि दोन्ही शिकवायचीच आहेत. पण जिथे माणूस आधीच दोषाखाली दबला आहे तिथे त्याला आणखी एक काम सांगितलं तर तो मोडतो. तुमच्या वर्गात नेमकं तेच झालं. “मनापासून प्रार्थना कर” हे वाक्य चुकीचं नाही, ते त्या मुलाला, त्या वेळी सांगणं चुकीचं होतं.

हा फरक पुस्तकातून एका दुपारी समजतो, पण वर्गात उभं राहून वापरता यायला फार काळ लागतो. अमेरिकेतले ल्यूथरन धर्मशास्त्रज्ञ वॉल्थर यांनी १८८४ आणि १८८५ मध्ये सेंट लुइस इथल्या सेमिनरीत, पाळक होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांना याच एका विषयावर व्याख्यानं दिली. दर शुक्रवारी संध्याकाळी ते बोलत आणि अशी व्याख्यानं चाळीसच्या आसपास भरली. पाळकपदाच्या उंबरठ्यावरच्या विद्यार्थ्यांना इतका वेळ द्यावा लागला, मग आपल्या कॉलेजातल्या मुलांना एका रविवारच्या शिबिरात ते येईल अशी अपेक्षा का ठेवावी?

सरावासाठी जक्कयची, येशूला बघायला झाडावर चढलेल्या जकातदाराची, गोष्ट घ्या. लूकच्या शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायातली ही गोष्ट जवळजवळ प्रत्येक संडे स्कूलमध्ये सांगितली जाते. गटातल्या प्रत्येकाला ती सांगायला लावा आणि शेवट कसा करतात ते फक्त ऐका. बहुतेक जण म्हणतील, “जक्कय लोभी होता, मग तो बदलला, तुम्हीही बदला.” आता त्यांना म्हणा, बायबल उघडा आणि क्रम बघा. झाडाखाली आल्यावर येशू आधी काय म्हणतो? आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे, असं म्हणतो. तेव्हा जक्कयनं काय सोडलं होतं? काहीच नाही. एक पैसाही परत केला नव्हता. अर्धी मालमत्ता गरिबांना देणं, लुबाडलेलं चौपट परत करणं हे सगळं येशूनं त्याला नावानं हाक मारल्यानंतरचं. एवढा एक क्रम मुलांच्या ध्यानात आला, तर त्यांचे पुढचे शंभर धडे सुधारतील. मग तेच दावीद आणि गल्याथाच्या गोष्टीत शोधायला सांगा. ‘दावीदसारखे शूर व्हा’ एवढंच सांगून सुटी दिली, तर वर्गातली भित्री मुलं घरी काय घेऊन गेली, हे त्यांनाच विचारा.

प्रत्येक धड्यात सुवार्ता ओढूनताणून चिकटवा, असं मी म्हणत नाही. दहा आज्ञा शिकवताना आज्ञाच शिकवायच्या, त्या पातळ करायच्या नाहीत. एका मुलानं दुसऱ्याची चेष्टा करून त्याला रडवलं असेल, तर तिथे नियमशास्त्र स्पष्ट बोललं पाहिजे. लगेच “देव क्षमा करतो” म्हणून मोकळं होणं हाही त्या रडणाऱ्या मुलावर अन्यायच. समोर कोण आहे आणि तो कुठल्या अवस्थेत आहे हे बघून बोलता येणं, हीच खरी तयारी.

आता सुरुवात कुठून करायची. माझं उत्तर तुमच्या वडीलमंडळींना फार साधं वाटेल. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या लहान प्रश्नोत्तरीपासून, म्हणजे ख्रिस्ती शिकवण प्रश्न-उत्तरांतून सांगणाऱ्या त्याच्या छोट्या पुस्तकापासून, सुरुवात करा, आणि ती मुलांना कशी शिकवायची इथून न करता, या तरुणांनी ती स्वतःसाठी शिकण्यापासून करा. दृढीकरणाच्या वेळी त्यांनी ती पाठ केली असेल. विचारून बघा, आज किती आठवते.

ही प्रश्नोत्तरी कशातून जन्मली, ते त्यांना जरूर सांगा. १५२८ च्या सुमारास जर्मनीतल्या सॅक्सनीच्या मंडळ्यांची पाहणी झाली, तिच्यात ल्यूथर स्वतः फिरला. खेड्यापाड्यांतल्या लोकांना ख्रिस्ती शिकवणीचं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं आणि कित्येक पाळकांनाही शिकवता येत नव्हतं. आपण केवढ्या मोठ्या धर्मसुधारणेच्या गोष्टी करतो आहोत आणि लोकांना प्रभूची प्रार्थनाही येत नाही, हे बघून तो हादरला. १५२९ मध्ये लहान प्रश्नोत्तरी आली, आधी भिंतीवर लावायच्या तक्त्यांच्या रूपात आणि मग पुस्तकाच्या. दहा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा, पापांगीकार, प्रभुभोजन, एवढाच तिचा ऐवज. प्रस्तावनेत ल्यूथर शिकवणाऱ्यांना सांगतो की एकच पाठ ठरवा आणि वर्षानुवर्षं तोच ठेवा, शब्द बदलत बसू नका, नाहीतर लहान मुलं आणि साधी माणसं गोंधळतात. पाठ पक्का झाला की अर्थ सांगा. अर्थ मुरला की मग मोठी प्रश्नोत्तरी हाती घ्या. शिक्षिका म्हणून हा क्रम तुम्हाला ओळखीचा वाटेल.

त्याच वर्षी आलेल्या मोठ्या प्रश्नोत्तरीला त्यानं पुढे एक लांब प्रस्तावना जोडली. तिच्यात तो म्हणतो की मी धर्मशास्त्राचा पंडित आणि प्रवचनकार असलो, तरी रोज सकाळी लहान मुलासारखा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना, स्तोत्रं शब्दशः म्हणतो, आणि मला या प्रश्नोत्तरीचा विद्यार्थीच राहावं लागतं. तुमच्या गटाला द्यायची सगळ्यात महत्त्वाची सवय हीच आहे, भगिनी. आठवड्यातून एकदा सगळ्यांनी बसायचं, एक भाग तोंडानं म्हणायचा आणि मग प्रत्येकानं सांगायचं, की या आठवड्यात या वाक्यानं मला कुठे पकडलं, कुठे धीर दिला. पहिलं सत्र, म्हणजे चार-पाच महिने, याखेरीज फार काही केलं नाहीत तरी चालेल. प्रभूच्या प्रार्थनेच्या पहिल्या वाक्याचा जो अर्थ तिथे दिला आहे, तो त्या विद्यार्थिनीच्या मनात मुरलेला असता तर? देव आपल्याला प्रेमानं बोलावतो, की मी तुमचा खरा पिता आहे आणि तुम्ही माझी खरी लेकरं आहात, म्हणून लेकरं लाडक्या बापाजवळ मागतात तसं निर्भयपणे मागा. एवढं आतून माहीत असलेला माणूस प्रार्थनेची किंमत लावत नाही.

शिकवण्याआधी शिकायला बसण्याचं एक सुंदर उदाहरण आपल्या जवळचं आहे. बार्थोलोमेयस झिगेनबाल्ग हा ल्यूथरन मिशनरी १७०६ मध्ये आजच्या तमिळनाडूतल्या तरंगंबाडीला उतरला, तेव्हा तो विशीतलाच होता. तमिळ शिकण्यासाठी त्यानं एका पंतोजींची शाळाच आपल्या घरी भरवली आणि लहान मुलांच्या रांगेत बसून वाळूत बोटानं अक्षरं गिरवली. शाळा काढणं, तमिळमध्ये प्रश्नोत्तरी देणं, १७१५ मध्ये नवा करार छापून काढणं, हे त्यानंतरचं. त्याच्या वयाच्या तुमच्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट आवडेल.

आता त्या शंकेत असलेल्या मुलीविषयी. तिला थांबवू नका, आणि घाईनं वर्गही देऊ नका. तिनं तुम्हाला विश्वासानं सांगितलं आहे, ही गोष्ट गटात किंवा वडीलमंडळींपर्यंत जाता कामा नये. तिच्याबरोबर विश्वासांगीकाराच्या तिसऱ्या भागाचा अर्थ वाचा. तिथे ल्यूथर म्हणतो की माझ्या बुद्धीनं किंवा बळानं मी येशू ख्रिस्तावर विश्वास ठेवू शकत नाही, पवित्र आत्म्यानं मला सुवार्तेद्वारे बोलावलं. म्हणजे विश्वासांगीकाराचा अर्थ सांगतानाच, हे मला जमत नाही, अशी कबुली आली आहे. तिला वाटत असेल की बाकीच्या आठ जणांचा विश्वास दगडासारखा पक्का आहे आणि फक्त आपलाच डळमळतो. तसं नसतं. मार्कच्या नवव्या अध्यायातला बाप विश्वास आणि अविश्वास दोन्ही एकाच वाक्यात येशूपुढे ठेवतो, आणि येशू त्याच्या मुलाला बरं करतो.

पण शंकेशंकेतही फरक असतो, तो तुम्ही हळूहळू ओळखा. कुणी प्रश्न घेऊन झगडतो आहे आणि तरीही वचनाजवळ, प्रभुभोजनाजवळ येतो आहे, तर त्यानं शिकत राहावं, मदतनीस म्हणून वर्गात बसावं. त्याचे प्रश्नच उद्या दृढीकरणाच्या वर्गातल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना आधार देतील, कारण त्या वयाची मुलं नेमकं तेच विचारतात आणि झटकून टाकलेलं त्यांना लगेच कळतं. मात्र कुणी शांतपणे म्हणाला की मी हे मानत नाही, तर लहान मुलांसमोर न मानलेलं शिकवायला त्याला उभं करू नये. त्यात त्याचाही अपमान आहे. त्याची मैत्री सोडू नका, वर्ग तेवढा देऊ नका. तुमच्या त्या मुलीची पाळकांशी गाठ घालून द्या, पण तिची तयारी असेल तेव्हा.

दुसऱ्या सत्रापासून वर्गात पाठवा, पण एकदम एकटं नको. आधी जुन्या शिक्षिकेच्या वर्गात मागे बसायचं. मग एखादी गोष्ट सांगायची. मग एक पूर्ण धडा, तोही मार्गदर्शक खोलीत असताना. अमेरिकेतल्या ल्यूथरन चर्च–मिसूरी सिनड या चर्चसंघात ‘डायरेक्टर ऑफ ख्रिश्चन एज्युकेशन’ असं स्वतंत्र सेवापद आहे. त्यासाठी विद्यार्थी कॉन्कॉर्डिया विद्यापीठांत शिकतात, आणि पदवीच्या अभ्यासाबरोबरच एखाद्या मंडळीत सुमारे वर्षभर देखरेखीखाली काम करावं लागतं. फिनलंडच्या ल्यूथरन चर्चमध्ये मुलं पंधराव्या वर्षाच्या सुमारास दृढीकरणाच्या शिबिराला जातात. त्यांच्याहून थोडे मोठे, आधीच दृढीकरण झालेले तरुण तिथे गट सांभाळतात. या तरुणांना वेगळं प्रशिक्षण मिळतं आणि शिकवण्याची मुख्य जबाबदारी पाळकांकडे व चर्चच्या कार्यकर्त्यांकडेच राहते. दोन्हीकडे माणूस मंडळीत, कुणाच्या तरी नजरेखाली, काम करता करता तयार होतो. तुमच्याकडे विद्यापीठ नसलं तरी तेवढं तुम्ही करू शकता.

प्रत्येक धड्यानंतर अर्धा तास बसा. त्यात ‘छान झालं’ म्हणण्यात वेळ घालवू नका. मुलांनी काय विचारलं, ते शब्दशः लिहून काढायला सांगा. तुम्ही काय उत्तर दिलं? त्या मुलाला आज्ञा ऐकायची गरज होती की दिलासा? मला वाटतं, वर्षभर असं बसलात तर त्या वह्याच तुमच्या मंडळीचा सगळ्यात मोलाचा अभ्यासक्रम होतील. आणि एक साधं कौशल्य, जे शिक्षिका म्हणून तुम्हीच उत्तम शिकवाल. प्रश्न विचारला की थांबायचं. तरुण शिक्षकांना शांतता सोसत नाही, दोन क्षणांत ते स्वतःच उत्तर देऊन टाकतात आणि मग मुलं विचार करायचंच सोडून देतात. अवघड प्रश्न आला तर “मला माहीत नाही, पण मी विचारून येईन” हे वाक्य त्यांच्या तोंडी बसवा, आणि पुढच्या रविवारी ते उत्तर खरंच घेऊन येतात ना, हेही बघा.

गाण्यांबद्दल एवढंच म्हणेन की ती कमी करू नका, निवडून घ्या. ल्यूथरनं प्रश्नोत्तरीच्या भागांवर स्वतः गीतं रचली, कारण गायलेलं विसरत नाही हे त्याला ठाऊक होतं. तुमच्या मुलांनी दर रविवारी म्हणायची गीतं घ्यावी आणि विचारावं, यात देव काहीतरी करतो आहे, की सगळं मीच करतो आहे? उपासनेच्या वर्षाशीही जोडून घ्या. आगमनकाळ, उपवासकाळ, पुनरुत्थानाचा सण, पेंटेकॉस्ट हा क्रम पाळला तर मोठ्यांची उपासना आणि मुलांचा वर्ग दोन दिशांना जात नाहीत.

आईवडिलांना वगळून हे काम होत नाही. लहान प्रश्नोत्तरीच्या भागांवर ल्यूथरनं लिहिलंच आहे की कुटुंबप्रमुखानं आपल्या घरच्यांना हे सोप्या रीतीनं कसं शिकवावं. आपण सगळं रविवारच्या एका तासावर ढकललं. तुमच्या विद्यार्थ्यांनी महिन्यातून एकदा प्रत्येक मुलाच्या घरच्यांशी बोलावं, या आठवड्यात काय शिकवलं ते सांगावं आणि घरी म्हणण्यासाठी एक छोटी प्रार्थना द्यावी. विशीतल्या मुलांना मोठ्यांशी असं बोलायला संकोच वाटतो. पहिल्या एक-दोन वेळा तुम्ही बरोबर जा.

एका बाबतीत मात्र सवलत देऊ नका. मुलांच्या सुरक्षिततेचे नियम पहिल्या दिवसापासून लागू करा, त्यांना धर्मशिक्षणाचाच भाग माना. कुठल्याही मुलाबरोबर एकट्यानं बंद खोलीत बसायचं नाही. वर्गात नेहमी दोन मोठी माणसं हवीत. मुलांशी फोनवर खासगी संदेश नकोत. आणि एखाद्या मुलानं सांगितलं की मला कुणी त्रास देतं, तर शांतपणे ऐकायचं, उलटतपासणी घ्यायची नाही, “मी कुणाला सांगणार नाही” असं वचन द्यायचं नाही आणि त्याच दिवशी जबाबदार व्यक्तीला आणि कायद्यानं जिथे कळवायला हवं तिथे कळवायचं. काही तरुणांना वाटतं की हे पापांगीकारासारखं गुपित आहे. पाळकांकडचा खासगी पापांगीकार वेगळा. तुमचे विद्यार्थी पापांगीकार ऐकायला नेमलेले नाहीत, आणि अत्याचार सोसणाऱ्या मुलानं कुठलं पाप कबूल केलेलं नसतं. हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगा.

वडीलमंडळींशी बोलताना आउग्सबर्गच्या विश्वासपत्राचा, म्हणजे ल्यूथरन मंडळ्यांच्या मूळ विश्वासघोषणेचा, चौदावा लेख पुढे ठेवा. १५३० च्या त्या पत्रात म्हटलं आहे की रीतसर पाचारण झाल्याशिवाय कुणी मंडळीत जाहीरपणे शिकवू नये किंवा संस्कार देऊ नयेत. तो लेख मुळात पाळकीय सेवेविषयी आहे, आणि वेगवेगळ्या ल्यूथरन मंडळ्या त्याचा पल्ला थोडा वेगवेगळा लावतात. पण त्यातलं एक सूत्र तुमच्या कामाचं आहे. मंडळीत कुणी हौस म्हणून शिकवत नाही, त्याला मंडळी पाठवते. म्हणून प्रमाणपत्रापेक्षा हे मागा, की वर्ग सोपवण्याआधी रविवारच्या उपासनेत या तरुणांना पुढे बोलवावं, पाळकांनी त्यांच्यासाठी प्रार्थना करावी आणि कुणाला कुठला वर्ग, किती काळासाठी, कुणाच्या देखरेखीखाली दिला हे सगळ्यांसमोर सांगावं. मुदत संपली की आभार मानून मोकळं करावं किंवा पुन्हा विचारावं. मुदत नसलेल्या कामाखाली चांगली मुलं दबून जातात आणि एक दिवस न सांगता यायची बंद होतात.

परीक्षा घ्यायचीच असेल तर घ्या, माझा विरोध नाही. पण सहा महिन्यांनी नको, निदान दीड-दोन वर्षांनी, आणि लेखी नको. एका वडिलांनी विद्यार्थ्याच्या वर्गात जाऊन बसावं आणि नंतर पाळकांच्या उपस्थितीत त्याला एक प्रसंग द्यावा. “तुझ्या वर्गातली एक मुलगी म्हणते, मी इतकी वाईट आहे की देवाला मी आवडत नाही. तू काय बोलशील?” या उत्तरातून जे कळेल ते शंभर गुणांच्या प्रश्नपत्रिकेतून कळणार नाही.

त्यांच्या कॉलेजचा अभ्यास मागे पडणार नाही, याची काळजीही तुमचीच. परीक्षेच्या महिन्यात वर्ग दुसऱ्यानं घ्यावा, अशी सोय आधीच करून ठेवा. हिशोबशास्त्र किंवा रसायनशास्त्र शिकणं हेही देवानं दिलेलं काम आहे, चर्चमधलं काम तेवढं पवित्र आणि बाकीचं दुय्यम, असं ल्यूथर कधीच म्हणाला नाही. १५२४ मध्ये जर्मन शहरांच्या नगरसभासदांना शाळा काढण्याची विनंती करताना त्यानं सुचवलं होतं की मुलांनी दिवसाचा एखाददोन तास शाळेत यावं आणि बाकीचा वेळ घरी कामधंदा शिकावा. मुलींसाठीही त्यानं रोज तासभर मागितला होता. थोडाच पण नेमानं दिलेला वेळ त्याला पुरेसा वाटला. तुमच्या गटालाही आठवड्याचे तीन तास पुरतील, मात्र ते तीन तास मोडायचे नाहीत.

दोन-तीन वर्षांत यांतली बरीचशी मुलं नोकरीसाठी, पुढच्या शिक्षणासाठी दुसऱ्या गावी जातील. काही वडील तेव्हा म्हणतील, आपली मेहनत वाया गेली. त्यांचं मनावर घेऊ नका. प्रत्येक जण निघताना तिथल्या ल्यूथरन मंडळीच्या पाळकांना एक पत्र लिहा. त्यात या मुलानं कुठला वर्ग किती काळ घेतला, त्याला काय चांगलं जमतं, कुठे अजून मदत लागते, हे खरंखरं लिहा. पत्र त्याला आधी वाचायला द्या आणि मग त्याच्याच हाती पाठवा.

तुमची,
बाई